'ळ' रोमन लिपीत लिहिताना: एलखालच्या टिंबाविषयी वाचकांचे प्रश्न

बेळगाव, निपाणी, खानापूर भागातून आलेले बहुतेक प्रश्न एकाच अक्षराचे आहेत: रोमन एल आणि त्याच्या पायाशी टिंब. मराठीचा ळ आणि कन्नडचा ळ, दोन्ही रोमनमध्ये नेमके लिहायचे तर हेच अक्षर लागते.

आमच्या येळ्ळूरच्या देवळाची माहितीपुस्तिका मराठी, कन्नड आणि इंग्रजीत निघते आहे. इंग्रजी भागात टिंब द्यायलाच हवे का?

रस्त्यावरच्या पाटीला नको, पुस्तिकेला हवे. पाटी वाचणाऱ्याला गाव सापडले की काम झाले. पुस्तिका मात्र अशा माणसाच्याही हाती जाते, ज्याने हे नाव कधी ऐकलेलेच नाही, आणि साधा एल त्याला 'येल्लूर' म्हणायला लावतो. ल आणि ळ यांनी अर्थ बदलतो, हे मराठी माणसाला सांगायला नको: वेल-वेळ, गाल-गाळ, मूल-मूळ. कन्नडमध्येही तेच. 'हालु' म्हणजे दूध आणि 'हाळु' म्हणजे नासलेले, उद्ध्वस्त. 'बेळे' म्हणजे पीक आणि 'बेले' म्हणजे किंमत. पिकाच्या भावाविषयी रोमनमध्ये लिहिले आणि टिंब गाळले, तर दोन्ही शब्द एकसारखे दिसतात.

येळ्ळूरमध्ये ळ जोडून आला आहे, म्हणून दोन्ही एलखाली टिंब द्या. एकाच एलखाली दिले तर ते 'ल्ळ' किंवा 'ळ्ल' होते.

मग 'बेळगाव' नेमके कसे लिहायचे?

मराठी उच्चाराप्रमाणे: बी, डोक्यावर आडवी रेघ असलेला ई, टिंबाचा एल, जी, आडव्या रेघेचा ए, व्ही. काटेकोर लिप्यंतरात ळनंतरचा आणि वनंतरचा न उच्चारला जाणारा 'अ'सुद्धा लिहितात; सर्वसाधारण वाचकासाठी तो गाळलेला बरा. कन्नड नावात तीन फरक पडतात. तिथला ए ऱ्हस्व आहे म्हणून ईवर रेघ नाही, ळनंतरचा 'अ' पूर्ण उच्चारतात म्हणून साधा ए लिहायचा, आणि शेवटी ऱ्हस्व इकारासाठी आय. १ नोव्हेंबर २०१४ पासून लागू झालेले अधिकृत इंग्रजी स्पेलिंग या कन्नड नावावरूनच आले आहे, फक्त रेघ आणि टिंब वगळून.

निपाणी, अथणी यांना एलचे टिंब लागत नाही. तिथे टिंब एनखाली येते, कारण तो ण आहे.

संगणकावर आणि फोनवर हे अक्षर टाइप कसे करायचे?

वर्डमध्ये: एक, इंग्रजी ई, तीन, सात असा चार चिन्हांचा संकेत टाइप करा आणि ऑल्ट दाबून एक्स दाबा. छोटा टिंबवाला एल येतो. शेवटी सातऐवजी सहा घेतले तर मोठा एल येतो. मराठीत शब्द ळने सुरू होत नसल्याने मोठा एल फक्त सगळी अक्षरे कॅपिटल असलेल्या मथळ्यात लागतो.

इथे हमखास होणारी एक चूक सांगतो. 'कळस' लिहिताना के, ए आणि लगेच संकेत टाइप केला, तर वर्ड आधीचा ए हाही संकेताचाच भाग समजतो आणि भलतेच चिन्ह किंवा रिकामा चौकोन येतो. ए ते एफपैकी कोणतेही साधे अक्षर आधी असले की हे होते. उपाय सोपा आहे: मध्ये एक स्पेस द्या, अक्षर उमटले की स्पेस खोडा.

मॅकवर 'एबीसी एक्स्टेंडेड' हा कीबोर्ड निवडा, ऑप्शन धरून एक्स दाबा, मग एल दाबा.

फोनवर एल दाबून धरला की सहसा आडवी रेघ मारलेला एल दिसतो. तो घेऊ नका, तो पोलिश आहे आणि त्याचा उच्चार व-सारखा होतो. खरे अक्षर एकदा कुठूनतरी कॉपी करा आणि कीबोर्डच्या पर्सनल डिक्शनरीत (आयफोनवर टेक्स्ट रिप्लेसमेंटमध्ये) 'एल-एल-एक्स'सारख्या शॉर्टकटला जोडून ठेवा.

छपाईला देताना तीन गोष्टी पाहा. शब्दाखाली अधोरेषा नको, ती टिंब गिळते; जोर द्यायचा तर तिरपा किंवा ठळक टाइप वापरा. ओळींमधले अंतर 'एक्झॅक्टली' ठेवून फार कमी केले तर पडद्यावर टिंब कापले जाते. आणि सजावटी फॉन्टमध्ये हे अक्षर बहुधा नसतेच. मग सॉफ्टवेअर ते दुसऱ्या फॉन्टमधून उसने घेते आणि शब्दात एकच अक्षर जाड किंवा बारीक दिसते. फ्लेक्स छापण्याआधी प्रूफ मोठे करून पाहाच.

संस्कृतच्या रोमन पुस्तकात हेच अक्षर 'कॢप्त' शब्दात दिसले. तिथे तर ळ नाही!

बरोबर पकडलेत. संस्कृत अभ्यासकांच्या जुन्या पद्धतीत टिंबाचा एल म्हणजे ऌ हा स्वर. पण ऋग्वेदाच्या पहिल्याच मंत्रात, 'अग्निमीळे'मध्ये, ळ आहे आणि अनेक रोमन प्रतींत तोही याच अक्षराने लिहिलेला असतो. म्हणून भारतीय लिप्या रोमनमध्ये लिहिण्यासाठीच्या २००१च्या आयएसओ १५९१९ या आंतरराष्ट्रीय मानकाने वाटणी केली: टिंबाचा एल ळसाठी, आणि ऌसाठी एलखाली छोटे वर्तुळ. जुने पुस्तक वाचताना आजूबाजूला पाहा. दोन व्यंजनांच्या मध्ये एकटा असेल तर तो ऌ. लगेच पुढे स्वर असेल तर ळ.

मराठी-कन्नड मजकुरात आयएसओची वाटणी पाळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे ळ पावलोपावली लागतो, ऌ क्वचितच.

हे अक्षर भारताबाहेर कुणी वापरते का?

वापरतात, पण आवाज वेगळा. स्पेनमधल्या अस्तुरियासच्या पश्चिम भागातल्या बोलींत टिंबाचे दोन एल जोडून लिहितात. त्यांचा उच्चार कुठे त्स-सारखा, तर कुठे मूर्धन्य ड-जवळचा होतो. टिंब मिळाले नाही तर तिथले लोक दोन एलांच्या मध्ये पूर्णविराम घालतात. अलास्कातल्या इन्युपिआक भाषेत हा तालव्य ल आहे. मार्शल बेटांच्या भाषेच्या काही लेखनात तो जड ल आहे. लॅटव्हियन एलखाली मात्र टिंब नसून स्वल्पविराम असतो. बारीक टाइपात दोन्हींची गफलत होते.

फाइलमध्ये शब्द डोळ्यांना दिसतो, पण शोधल्यावर सापडत नाही. असे का?

हे अक्षर दोन प्रकारे साठवता येते: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा साधा एल आणि त्यापुढे वेगळे जोडटिंब म्हणून. दिसायला दोन्ही सारखेच. चांगले सॉफ्टवेअर त्यांना एकच मानते, सगळी मानत नाहीत. दोघातिघांनी मिळून टाइप केलेल्या यादीत ही मिसळ हमखास होते. जोडटिंबाचा एल 'फाइंड अँड रिप्लेस'ने अखंड अक्षरात बदलून घ्या.

मुलाचे आडनाव 'काळे'. पासपोर्टवर टिंब मिळेल का?

नाही. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. त्यांत फक्त साधी सव्वीस कॅपिटल अक्षरे, अंक आणि रिकामी जागा भरणारे एक चिन्ह चालते. टिंब, रेघ काहीच नाही. साधा एल लिहा, आणि ळसाठी हौसेने दोन एल घालू नका. आधार, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट यांत आडनावाचे स्पेलिंग अक्षरशः एकच ठेवा.