नकाशावर रेष आहे, पण वाट कुठंय?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते की लांब पल्ल्याच्या ट्रेल्स आता बऱ्याच ठिकाणी तुकड्यातुकड्याने तयार होतायत, तर सगळी वाट पूर्ण व्हायची कशाला थांबायचं, त्यातला एखादा टप्पा ग्रुपने एका दिवसात चालून या की. त्यावर इतके प्रश्न आलेत की सगळे घेणं शक्य नाही, जे पुन्हापुन्हा आलेत ते घेतेय.

प्रश्न : ताई, आम्ही चौदा जण आहोत, वयं १९ ते ६२. टप्पा १८ किलोमीटरचा, एकूण चढ ७०० मीटर. ॲप पावणेपाच तास दाखवतंय. म्हणजे सकाळी नऊला निघालो तर दोनच्या आत मोकळे ना?

नाही हो, अजिबात नाही. ॲपने काय केलंय बघा. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशोब मांडला होता, तो आजच्या भाषेत असा की दर ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर १०० मीटर चढाला १० मिनिटं. तुमचे १८ किलोमीटर म्हणजे ३ तास ३६ मिनिटं, ७०० मीटरची ७० मिनिटं, झाले पावणेपाच तास. हिशोब बरोबरच आहे, पण तो एकट्या, तब्येतीने ठणठणीत, कुठेही न थांबणाऱ्या माणसाचा आहे. त्यात पाणी प्यायला थांबणं नाही, बुटाची लेस नाही, फोटो नाही, आणि तेरा इतर माणसं तर नाहीच नाहीत. उताराला वेळ लागत नाही असंही त्यात धरलेलं, म्हणून पुढे एरिक लँगमुयर या ब्रिटिश गिर्यारोहकाने दुरुस्ती सुचवली की उतार तीव्र असेल तर दर ३०० मीटर उताराला १० मिनिटं वाढवा. ज्यांचे गुडघे बोलायला लागलेत त्यांना हे कोणी सांगायची गरज नाही.

मी मिश्र वयाच्या ग्रुपसाठी सरळ दीडपट करते. म्हणजे सव्वासात तास, वर मोठा एक थांबा, धरा आठ. आणि अंधार पडायच्या दोन तास आधी शेवटच्या टोकाला पोचायचं असं ठरवून उलटं मोजत या, सुरू करायची वेळ आपोआप निघते, आणि ती नऊ नसते.

आता यात तयार होत असलेल्या ट्रेलचा वेगळा भाग. जुनी रुळलेली वाट असते तिथे ओढ्यावर पूल असतो, इथे अजून नसेल. एकेकाला दगडांवरून पलीकडे जायला दोन मिनिटं धरली तरी चौदा जणांना २८ मिनिटं लागतात, एका ओढ्याला! असे तीन ओढे असले की झालं. नवीन कापलेली वाट भुसभुशीत असते, पाय एका बाजूला घसरतो, मग किलोमीटर तेवढेच पण दम दुप्पट.

आणि एक गोष्ट, जी मला स्वतःला लीड करायला लागून बरीच वर्षं झाल्यावर कळली. पुढचे लोक चढ संपवून सावलीत बसतात, दहा मिनिटं हसतखिदळत आराम करतात, मागून सगळ्यात शेवटची व्यक्ती लालबुंद होऊन पोचते आणि ती सॅक उतरवणार एवढ्यात पुढचे म्हणतात, चला आले सगळे, निघूया. म्हणजे ज्याला आरामाची सगळ्यात जास्त गरज त्याला शून्य मिनिटं मिळतात, आणि हे दिवसभर चालतं. मी एकदा एका काकूंना विचारलं दमलात का, तर म्हणाल्या, "दमले नाही गं, बसलेच नाहीये सकाळपासून." तेव्हापासून नियम केलाय, थांब्याचं घड्याळ शेवटचा माणूस बसल्यावर सुरू. पुढच्यांना कंटाळा येतो, येऊ दे.

प्रश्न : ॲपमधला ट्रॅक एकीकडे जातो आणि झाडांवरचे वाट दाखवणारे रंगाचे पट्टे दुसरीकडे. कोणाचं ऐकायचं?

पट्ट्यांचं, पण डोळे उघडे ठेवून. तयार होत असलेल्या ट्रेलवर हे होणारच, कारण वाट सरकत असते. कोणीतरी तीन वर्षांपूर्वी चालून ट्रॅक टाकला, मधल्या काळात जमिनीच्या मालकाने नाही म्हटलं किंवा कड ढासळली, वाट दोनशे मीटर वर गेली, ट्रॅक मात्र तसाच फिरतोय एका मोबाईलवरून दुसऱ्या मोबाईलवर. हे फक्त नवीन ट्रेलचं दुखणं नाही बरं का, अमेरिकेतल्या ॲपलाचियन ट्रेलची कल्पना बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये मांडली, १९३७ मध्ये ती सलग जोडली गेली, आणि त्यानंतरही तिचे कितीतरी भाग हलवले गेलेत.

पट्टे वाचायला शिका. त्याच ॲपलाचियन ट्रेलवर पांढरा पट्टा असतो, साधारण ५ सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर उंच, फाट्यावरच्या वाटांना निळा. अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यातल्या आइस एज ट्रेलवर पिवळा. एकावर एक दोन पट्टे दिसले की सावध, पुढे वळण आहे किंवा काहीतरी बदलतंय. काही ट्रेल्सवर वरचा पट्टा किंचित सरकवलेला असतो, ज्या बाजूला सरकवलाय त्या बाजूला वळायचं. जुना पट्टा रद्द केला की त्यावर खोडाच्या रंगाचा हात मारतात, जवळून बघितलं तर तो चौकोन कळतो, जरा जास्तच गुळगुळीत दिसतो. तो दिसला म्हणजे तुम्ही जुन्या वाटेवर आहात.

आणि बराच वेळ पट्टा दिसला नाही तर आधी मागे वळून बघा. उलट दिशेने येणाऱ्यांसाठीही पट्टे मारलेले असतात, त्यामुळे कधीकधी तुमच्या पाठीमागच्या झाडावर तो असतो. तिथेही नाही? मग शेवटचा पट्टा दिसला होता तिथपर्यंत परत जायचं, सगळ्यांनी. "तुम्ही थांबा, मी पुढे बघून येतो" म्हणणारा एक उत्साही प्रत्येक ग्रुपात असतो, त्याला प्रेमाने हाताला धरून ठेवा, नाहीतर वाट शोधायची राहते आणि माणूस शोधावा लागतो. शिट्टी सगळ्यांच्या गळ्यात असू दे, सॅकच्या तळाशी नको. मदत हवी असेल तर एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. तीन शिट्ट्यांचं उत्तर आलं की ऐकू गेलंय समजायचं.

प्रश्न : मधले ५ किलोमीटर चक्क डांबरी रस्ता आहे. ते गाडीने केले तर चालेल का? ग्रुपात यावरून भांडण लागलंय.

चालेल. तुम्हाला कोणी पदक देणार नाहीये आणि काढूनही घेणार नाहीये.

भांडणारे म्हणत असतील की मग ट्रेल "केला" असं कसं म्हणायचं, तर त्यांना सांगा, न्यूझीलंडची 'ते अराराओ', नाही, 'ते अरारोआ' नावाची वाट (बघा, मी दरवेळी अडखळते) २०११ मध्ये रीतसर उघडली, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ३,००० किलोमीटर, तिच्यातही रस्त्याचे तुकडे आहेत. आइस एज ट्रेलला १९८० मध्ये राष्ट्रीय दर्जा मिळाला, साधारण १,९०० किलोमीटरची ती वाट, आणि अजूनही मधेमधे रस्त्याने जोडलेली. पूर्ण चालणारे तो रस्ताही चालतात, ती त्यांची हौस. पण चौदा जणांचा ग्रुप अरुंद, वळणाच्या रस्त्यावर घेऊन जाणं हे जंगलापेक्षा जास्त धोक्याचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. चालायचंच ठरलं तर एका ओळीत, समोरून येणारी गाडी दिसेल त्या बाजूने, आणि गप्पा मारत तिघातिघांनी नाही.

प्रश्न : सुरुवात एका ठिकाणी, शेवट दुसऱ्या ठिकाणी. गाड्यांचं कसं करायचं?

दोन गाड्या धरा. दोन्ही आधी शेवटच्या टोकाला न्या, एक तिथे ठेवा, दुसरीने सुरुवातीला या. चौदा जण असाल तर फक्त ड्रायव्हर लोकांनी ही फेरी करायची, बाकीचे सुरुवातीला थांबतील, आणि या फेरीलाच तासभर जातो हे वेळेच्या हिशोबात धरा, लोक हेच विसरतात.

दुसरं जे विसरतात ते मी स्वतः विसरलेय. आठ तास चालून आम्ही टोकाला पोचलो, गाडी समोर उभी, मी ऐटीत खिशात हात घातला आणि किल्ली नव्हती. किल्ली होती माझ्या जाड जॅकेटच्या खिशात, आणि जॅकेट होतं सुरुवातीला ठेवलेल्या गाडीत, कारण सकाळी ऊन पडलं म्हणून मी ते काढून मागच्या सीटवर टाकलं होतं. अठरा किलोमीटर मागे. कोणी काही बोललं नाही, ती शांतता अजून आठवते. शेवटी एका अनोळखी भल्या माणसाने मला मागे नेऊन सोडलं. तेव्हापासून निघायच्या आधी शेवटच्या गाडीची किल्ली हात वर करून सगळ्यांना दाखवायची, मगच पहिलं पाऊल. हसतात लोक.

ग्रुप मोठा असेल तर अजून एक पद्धत आहे, निम्मे एका टोकाकडून, निम्मे दुसऱ्या टोकाकडून निघायचं, मधे भेटायचं आणि किल्ल्यांची अदलाबदल. छान चालतं, फक्त नवख्या वाटेवर दोन्ही गटांत वाट वाचता येणारा एकेक माणूस हवा, आणि भेट चुकली तर काय हे आधी ठरलेलं हवं.

प्रश्न : वाट खाजगी शेतांतून जाते असं कळलं. परवानगी घ्यायची का? की ट्रेल आहे म्हणजे आहेच?

ट्रेल आहे म्हणजे आहेच असं धरूच नका. नकाशावरची रेष ही कधीकधी फक्त इच्छा असते. मगाशी वाटेत मधेच डांबरी रस्ता आला होता ना, त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, जमीन. कुठे मालकाने लेखी हक्क दिलेला असतो, कुठे नुसत्या तोंडी शब्दावर वाट चाललेली असते, आणि तो शब्द एका ग्रुपच्या एका दुपारीने मोडू शकतो. फाटक उघडं राहिलं, जनावरं बाहेर गेली, संपलं, पुढच्या वर्षी तिथे काटेरी तार.

म्हणून ट्रेल सांभाळणाऱ्या मंडळींना आधी विचारा की हा टप्पा आत्ता खुला आहे का, किती जणांपर्यंत चालतं, मालकाला आधी कळवायचं का. फाटक जसं मिळालं तसं सोडायचं, उघडं मिळालं तर उघडं आणि बंद मिळालं तर बंद. ग्रुपात घोळ हमखास होतो कारण पहिल्याला वाटतं मागचा लावेल आणि मागच्याला माहीतच नसतं की ते बंद होतं. तर फाटक बघितलेला पहिला माणूस तिथेच उभा राहील, बाकीची तेरा डोकी मोजून पुढे सोडेल आणि फाटक होतं तसं करून येईल. मोजणीही होते.

प्रश्न : थोडं विचित्र वाटेल, पण दिवसभराच्या ट्रेकमधे बाजूला जायची वेळ आली तर सगळ्यांसमोर कसं सांगायचं?

विचित्र काही नाही, हा प्रश्न सात जणींनी पाठवलाय. लोक या भीतीने पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात. सोपी युक्ती, आपली सॅक वाटेच्या कडेला ठेवायची आणि जायचं. सॅक दिसली की शेवटच्या माणसाने तिथे थांबायचं, काही विचारायचं नाही, हाक मारायची नाही. हे सकाळीच सगळ्यांना सांगून टाकायचं म्हणजे नंतर कोणालाच काही बोलावं लागत नाही. पाण्यापासून ६० मीटर तरी लांब, आणि मोठं काम असेल तर १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा करून बुजवायचा. कागद पिशवीत घालून परत आणायचा, हो, परत.

प्रश्न : ट्रेल अजून घडतोय म्हणतात, तर आम्ही एका दिवसात काही हातभार लावू शकतो का? फांद्या छाटणं, दगडांच्या राशी रचणं वगैरे?

हौसेने काही छाटू नका आणि राशी तर मुळीच रचू नका, तुमची गंमत म्हणून रचलेली रास पुढच्या ग्रुपला खूण वाटते आणि तो सरळ दरीकडे जातो. पडलेलं झाड, वाहून गेलेली कड, दिसेनासा झालेला पट्टा, यांचे फोटो जागेसह काढा आणि वाट सांभाळणाऱ्यांना पाठवा. हे काम त्यांना फार उपयोगी पडतं, कारण दर आठवड्याला कोणी सगळी वाट चालत नाही.

आणि चालायचं कसं, हाच मोठा हातभार. वाट नागमोडी का असते? वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त झाला की पाणी वाट ओलांडून खाली जायच्या ऐवजी वाटेवरूनच पळायला लागतं आणि तिची घळ करतं. तुम्ही वळण तोडून सरळ खाली उतरलात की पाण्याला तोच शॉर्टकट दाखवता. चौदा जण उतरले की पुढच्या पावसात तिथे रेघ उमटतेच.

चिखलाचंही तसंच. समोर चिखल आला की सगळे कडेकडेने जातात, गवत तुडवलं जातं, कड खचते, मग पुढचे त्याच्याही बाहेरून, असं करत हातभर वाटेचं पाच हातांचं डबकं होतं. मधून जा. बूट भरतील, मोजे ओले होतील, ग्रुपातलं कोणीतरी किंचाळेल. जास्तीचे मोजे सॅकमधे टाका.