नदीतल्या माशाला रेडिओ टॅग लावला की तो कुठे राहतो हे खरंच कळतं का? आणि पाण्यातून सिग्नल बाहेर येतोच कसा?

कळतं. पण टॅगची जागा सापडणं वेगळं आणि मासा तिथे राहतो हे कळणं वेगळं. मी काही वर्षं हे काम केलंय, खांद्याला रिसीव्हर आणि हातात अँटेना घेऊन काठाकाठाने पायपीट. त्या अनुभवावरून सांगते.

आधी सिग्नलचं. टॅग म्हणजे टिकटिक रेडिओ सिग्नल सोडणारं छोटं यंत्र. पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी रेडिओ लहर लवकर विरते. म्हणून समुद्रात हे टॅग कुचकामी, तिथे ध्वनिलहरींचे टॅग वापरतात. उथळ, खळाळत्या गोड्या पाण्यात उलटं होतं: बुडबुड्यांच्या गोंगाटात ध्वनीचा टॅग ऐकू येत नाही आणि रेडिओ मात्र चालतो. गंमत अशी की पाण्यातून हवेत येताना लहर इतकी वाकते की माशाच्या बरोब्बर वरच्या लहानशा वर्तुळातूनच ती बाहेर पडू शकते. उभ्या रेषेपासून साधारण सहा अंशांपेक्षा तिरकी गेली, तर पृष्ठभागावर आपटून परत खाली. एकदा बाहेर पडली की मात्र हवेतून दूरवर पसरते. म्हणजे पाण्यातलं अंतर म्हणजे जवळपास माशाची खोलीच. मासा दहा मीटरच्या डोहात तळाशी बसला की सिग्नल मरतुकडा होतो किंवा गायबच. आमच्या वहीत ‘मासा हरवला’ म्हणून पडलेल्या कित्येक नोंदी नंतर डोहातल्या निघाल्या.

टॅग लावणं हे चक्क ऑपरेशन असतं. माशाला लवंग तेलातल्या औषधाने भूल द्यायची, ओल्या स्पंजच्या खाचेत उताणं ठेवायचं आणि कल्ल्यांवरून नळीने सतत पाणी सोडायचं. पोटावर छोटा छेद घेऊन टॅग आत सरकवायचा, अँटेनाची बारीक तार सुईने वेगळ्या भोकातून बाहेर काढायची आणि दोन-तीन टाके. सरावलेला हात हे काही मिनिटांत उरकतो. हात कोरडे असले तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग जखमेपेक्षा बुरशीच माशाला खाते. टॅगचं वजन माशाच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आत ठेवायचं, म्हणजे ४०० ग्रॅमच्या माशाला जास्तीत जास्त ८ ग्रॅम. हा नियम ढोबळ आहे, प्रयोगांत काही माशांनी याहून जास्त ओझं पेललंय. तरी मी तो मोडत नाही. लहान टॅग म्हणजे लहान बॅटरी, म्हणून छोट्या माशांचं आयुष्य आपल्याला काही आठवड्यांपुरतंच दिसतं. मोठ्यांचं वर्ष-दोन वर्षं.

सोडल्यावर बरेच मासे गपचूप प्रवाहासोबत खाली सरकतात. ते त्यांचं वागणं नव्हे, आपण दिलेल्या त्रासाचा परिणाम. सुरुवातीचे काही दिवस हिशेबातून वगळावेच लागतात.

आता फसवणुकीचा किस्सा. एक मासा तीन आठवडे एकाच वळणावर, मुळांच्या जाळीपाशी. आम्ही खूश, हक्काची जागा सापडली म्हणून! नंतर पाणी ओसरलं तेव्हा सिग्नल अचानक जोरदार झाला, कारण टॅग पाण्याबाहेर आला होता. काठावर पाणमांजराच्या विष्ठेत, माशांच्या काट्या-खवल्यांमध्ये, चकचकीत टॅग पडलेला, टिकटिक चालूच. बरेच टॅग आता बराच काळ हालचाल नसली की टिकटिकीचा वेग बदलतात. आमच्यात ती सोय नव्हती.

जागा नेमकी काढायची तर रिसीव्हरची संवेदनशीलता पायरीपायरीने कमी करत जवळ जायचं. दुरून दोन-तीन दिशा घेऊन त्या जिथे छेदतात तो बिंदू धरायचा. शेवटच्या काही मीटरसाठी रिसीव्हरच्या केबलचं टोक सोलून पाण्यात बुडवायचं, ते अगदी जवळचंच ऐकतं. मग त्या जागेची खोली, प्रवाहाचा वेग, तळाला वाळू की गोटे, वर सावली आहे का, हे मोजायचं. इथे नवखे अडखळतात. ‘दहापैकी आठ वेळा मासा डोहात होता’ याला एकट्याने अर्थ नाही. नदीच्या त्या पट्ट्यात आठ-दशांश डोहच असतील, तर माशाने काही निवडलंच नाही. म्हणून मनाला येतील तशा नव्हे, चिठ्ठ्या टाकून काढलेल्या जागाही तितक्याच काटेकोरपणे मोजाव्या लागतात आणि मग तुलना.

दुसरा घोळ वेळेचा. आपण दिवसा फिरतो म्हणून आपल्याला माशाचं दिवसाचं घर दिसतं. तोच मासा अंधार पडल्यावर उथळ खळाळात चरायला येत असेल, तर ते वहीत येतच नाही. २४ तास, दर दोन तासांनी एकेका माशामागे जागलं, तेव्हा माझे आधीचे नकाशे अर्धवट वाटायला लागले.

शोधायच्या पद्धतीमुळे आख्खी समजूतच चुकते, हे घडून गेलंय. ओढ्यातले ट्राउट मासे आपला छोटा टप्पा सोडत नाहीत असं अनेक दशकं मानलं जाई, कारण खूण केलेले मासे खूण केली तिथेच परत शोधले जात. दूर गेलेला मासा सापडणार कसा? १९९४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी याच मुद्द्यावर बोट ठेवलं. टॅगचा खरा उपयोग इथे: तो आपल्याला माशामागे जायला लावतो, आपण ठरवलेल्या जागी नाही.

तुम्ही स्वतः करणार असाल तर लक्षात ठेवा, एकाच माशाच्या शंभर नोंदी म्हणजे शंभर मासे नव्हेत. हिशेब माशागणिक करा, आणि अंतर नदीच्या वळणांवरून मोजा, नकाशावर सरळ रेघ ओढून नको.