गळ्याला जखम नव्हती, मग भोक कशाला पाडलं?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सोयाबीनची रास चालू होती. माझ्या धाकट्या दिराचा गमजा मळणी यंत्राच्या फिरत्या दांड्यात गेला अन् मानेला जोराचा हिसका बसला. गळ्यावर नुसता लाल वळ, आवाज तेवढा बसला होता. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. पाणी पाजलं तर ठसका लागला. रात्री मान सुजली, श्वास घेताना घर्र घर्र आवाज यायला लागला. लातूरला नेलं, तिथं गळ्याला भोक पाडून नळी बसवली, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन केलं. जखम नव्हती तर भोक कशाला? नळी कधी निघेल? पुढच्या राशीला तो उभा राहील का?
— एक भगिनी, औसा तालुका

उत्तर : ताई, ‘आवाज तेवढा बसला होता’ असं तुम्ही लिहिलंय. माझं लक्ष तिथंच थांबलं. गळ्याला मार लागल्यावर आवाज बदलला, तर बाहेर ओरखडाही नसला तरी आत काहीतरी मोडलंय असंच धरून चालायचं. हिसका बसतो तेव्हा मागून मणके आणि पुढून गमजा, मधे स्वरयंत्राची कूर्चा चिरडते. कातडी ताणली जाते, फाटत नाही. आतली सूज मात्र तासागणिक वाढते, म्हणून दुपारी चालता-बोलता माणूस रात्री गुदमरतो. मान फुगली ती बहुधा हवेनं. श्वासनलिकेच्या फाटीतून हवा कातडीखाली शिरते, बोटानं दाबलं की मुरमुरे चुरल्यागत करकर लागते. ही करकर लागली की आम्ही वाट पाहत नाही.

आता भोकाचं. तोंडातून नळी घालायला गेलं, तर ती फाटीतून भलतीकडे जाऊ शकते. अर्धवट तुटलेली श्वासनलिका कधी कधी मानेच्या स्नायूंच्या आधारावरच जुळून असते. पूर्ण भूल दिली की स्नायू सैल पडतात आणि दोन्ही टोकं सुटू शकतात. म्हणून पुष्कळदा रुग्णाला जागं ठेवून, जागेवर सुन्न करून, जखमेच्या खाली श्वासनलिकेत नळी बसवतात. त्या भोकानंच तुमच्या दिराचा जीव वाचला, असं मी म्हणेन. लगेच दुसऱ्या दिवशी दुरुस्ती झाली हेही चांगलं. उशीर झाला की आत वण धरतो आणि श्वासाची वाट अरुंद होते.

नळी कधी निघेल याची तारीख मी इथून देणार नाही. दुर्बिणीतून स्वरतंतू हलताना दिसले, वाट मोकळी दिसली, की नळीचं तोंड बंद ठेवून बघतात. तसा दिवस-रात्र आरामात श्वास घेता आला तर नळी काढतात, आणि भोक बहुतेक वेळा आपोआप भरतं. आवाज येईल, पण थोडा घोगरा राहू शकतो. मज्जातंतूला मार असेल तर सुधारायला महिने लागतात.

तोवर गळ्यातल्या नळीच्या आत जी दुसरी सुटी नळी असते, तेवढीच आतली नळी रोज काढून धुवा. दम लागला तर आधी तीच काढून बघा, बऱ्याचदा वाळलेला कफ अडकलेला असतो. नळीच्या तोंडावर ओली जाळी बांधा. विहिरीत पोहणं बंद. आणि नळी निघाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा घर्र घर्र सुरू झाली तर दमा समजून पंप ओढत बसू नका, वाट आवळत असते. लगेच घशाच्या डॉक्टरांकडे जा.

इतर वाचकांसाठीही सांगतो, कारण रानडुकरांसाठी ताणलेली तार मोटारसायकलवरून येताना गळ्यात अडकलेले, संक्रांतीला नायलॉन मांजानं कापलेले रुग्णही येतात. अशा माणसाला खायला-प्यायला काही देऊ नका, अन्ननलिकाही फाटलेली असू शकते. बसून बरं वाटत असेल तर बळेच आडवं करू नका. रक्त येत असेल तर जखमेवर कापड दाबून धरा, गळ्याभोवती गुंडाळू नका. मान वळवू नका. १०८ ला फोन करा आणि जिथं भूलतज्ज्ञ आणि घशाचे डॉक्टर आहेत तिथंच न्या.

राशीचं म्हणाल, तर नळी असेपर्यंत नाहीच. मळणीचा भुसा नाकानं गाळला न जाता थेट फुफ्फुसात जाईल. नळी निघाल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटलं तर उभं राहू द्या. पण आधी त्या दांड्यावर झाकण बसवून घ्या आणि गमजा घरीच ठेवायला लावा. तुम्हीही यंत्राजवळ जाताना पदर खोचून घ्या.