सांगाडा आधी लाकडाचा, मग हाडांचा

प्रश्न असा आहे : 'काळ्या समुद्राच्या तळाशी सापडलेल्या प्राचीन ग्रीक जहाजाबद्दल वाचत होतो. मजकुरात सगळीकडे "जहाजाचा मलबा" असे होते. वडील म्हणाले, मराठीत "सांगाडा" म्हणतात. भाची म्हणाली, सांगाडा हाडांचा असतो, लाकडाला कसा म्हणणार? बरोबर कोण? आणि अशा बुडालेल्या जहाजाला मराठीत एखादा नेमका शब्द आहे का?'

'मलबा' आधी काढून टाका. हिंदी बातमी समोर ठेवून मराठी बातमी लिहायची घाई झाली की हा शब्द येतो. दरड कोसळली तरी मलबा, इमारत पडली तरी मलबा, विमान पडले तरी मलबा. दरडीला आपल्याकडे ढिगारा आहे, इमारतीला राडारोडा आहे, विमानाला अवशेष आहेत. तीन वेगळ्या गोष्टींना तीन वेगळे शब्द असताना एकच उसना शब्द सगळीकडे थापायचा, याचा मला मनापासून राग येतो.

त्यात हे जहाज तर ढिगारा नव्हेच. २०१८ च्या ऑक्टोबरात ही बातमी जाहीर झाली. बल्गेरियाच्या किनाऱ्यापासून दूर, दोन किलोमीटरहून जास्त खोलीवर, सुमारे २३ मीटर लांबीचे जहाज एका कुशीवर पडलेले आहे. डोलकाठी आहे, सुकाणू आहे, वल्हेकऱ्यांची बाकेसुद्धा जागच्या जागी आहेत. कार्बन पद्धतीने वय काढण्यापुरता लाकडाचा एक लहान तुकडा वर आणला, तेव्हा काळ निघाला इ. स. पूर्व ४०० च्या आसपासचा. ब्रिटिश म्युझियममध्ये एक ग्रीक कुंभ आहे. त्यावर डोलकाठीला बांधून घेतलेला ओडिसियस, म्हणजे होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्याचा नायक, आणि भोवती गाऊन खलाशांना भुलवणाऱ्या सायरेन रंगवल्या आहेत. अशी अखंड जहाजे तोवर अशा कुंभांवरच पाहायला मिळत. काळ्या समुद्रात नद्यांचे हलके गोडे पाणी वर राहते, बॉस्पोरसच्या सामुद्रधुनीतून आलेले खारे जड पाणी खाली बसते आणि दोन्ही फारशी मिसळत नाहीत. त्यामुळे दीडदोनशे मीटरच्या खाली प्राणवायू नाही, आणि लाकूड पोखरणारा समुद्री किडाही नाही. तिथे लाकूड कुजत नाही. अशा अखंड जहाजाला मलबा म्हणायचे?

जहाज फुटण्याच्या घटनेला काय म्हणावे, हे सोपे आहे. जहाज फुटले, तारू खडकावर फुटले, गलबत फुटले असे आपण म्हणतोच. संस्कृत हवे असेल तर नौभंग. ग्रीकांचा शब्दही हुबेहूब असाच घडलेला आहे : 'नावागिऑन', म्हणजे 'नाऊस' (नाव) आणि 'आग्नुमी' (मोडणे). नाऊस आणि आपली नौ सख्ख्या बहिणी आहेत, हे सर्वांना ठाऊक असते, त्यावर वेळ घालवत नाही. एकच सांगतो. डॉक्टर मळमळीला जो 'नॉशिया' शब्द वापरतात, तोही याच नाऊसपासून निघाला. कोकणातला माणूस 'मला बोट लागते' म्हणतो, तेच ग्रीक माणूस म्हणत होता.

आता सांगाडा. तुमच्या वडिलांचे बरोबर आहे, आणि भाचीचा प्रश्न त्याहून मोलाचा आहे. उत्तर बरोबर उलटे आहे : सांगाडा आधी लाकडाचा, मग हाडांचा.

मूळ शब्द संस्कृत 'संघाट'. अर्थ, लाकडे एकमेकांत बसवून जोडणे. अयोध्याकांडात राम, लक्ष्मण आणि सीता यमुनेच्या काठी येतात. नाव नाही. तेव्हा दोघे भाऊ 'काष्ठसंघाट' करतात, ओंडक्याला ओंडका जोडून मोठा तराफा बांधतात, आणि लक्ष्मण वेताच्या व जांभळीच्या फांद्या तोडून सीतेला बसायला आसन करतो. (काही प्रतींत 'संघात' असे आहे. पण लाकडाच्या जोडकामाला 'संघाट' हेच रूप मला योग्य वाटते, आणि मराठीतला 'ड' या 'ट'मधूनच येतो.) टर्नर या इंग्रज भाषापंडिताने आपल्या भारतीय-आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशात 'संघाट'खाली दोन मराठी शब्द शेजारी ठेवले आहेत. एक 'सांगड', म्हणजे दोन होड्या जोडून केलेला तराफा. दुसरा 'सांगाडा', म्हणजे इमारतीची चौकट. दोघे भाऊ आहेत. सांगड तरंगते, सांगाडा उभा राहतो, आणि दोन्हींत हाडाचा पत्ताही नाही.

यातली सांगड तर ग्रीकांच्या कानावरही पडली होती! इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गाची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणून ती प्रसिद्ध आहे. आपले सोपारा, कल्याण, चौल तीत आहेतच. पण पूर्व किनाऱ्याकडे गेल्यावर तो लिहितो की तिथे एकसंध ओंडके एकत्र बांधून केलेली फार मोठी जहाजे आहेत आणि त्यांना 'सांगारा' म्हणतात. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषापंडिताने मराठीच्या जडणघडणीवरच्या ग्रंथात आपली 'सांगड' याच शब्दाशेजारी आणून ठेवली. मल्याळममध्ये 'चंगाडम', तुळूत 'जंगाल'. पोर्तुगिजांनी मलबारात ते ऐकले आणि 'जांगादा' केले. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचे कोळी आजही आपल्या शिडाच्या तराफ्याला जांगादा म्हणतात.

यावर बेनफाय या जर्मन पंडिताने सुचवले होते की 'सांगारा' हा संस्कृत 'संगर' असावा आणि त्याचा अर्थ 'व्यापार'. लासेन या दुसऱ्या पंडिताला हा शब्द जहाजांना लागू होतो हे पटले नव्हते. लासेनच बरोबर. संगर म्हणजे युद्ध, हे मराठी शाळेतल्या मुलालाही कळते. समोर ओंडके जोडलेले दिसत आहेत, लिहिणारा 'जोडलेले' असे स्पष्ट सांगतो आहे, किनाऱ्यावरच्या भाषांत तोच शब्द तराफ्यासाठी जिवंत आहे, आणि हा गृहस्थ बाजारात जाऊन अर्थ शोधतो. कोशात डोके घालून बसले आणि काठावर जाऊन पाहिले नाही की असे होते.

आता ग्रीक जहाजाकडे पाहा, म्हणजे 'संघाट' किती चपखल बसतो ते कळेल. आपण मनात असे धरतो की आधी जहाजाच्या बरगड्या उभ्या करायच्या, मग त्यांवर फळ्या ठोकायच्या. ग्रीक सुतार उलट करत. आधी फळीच्या काठाला फळीचा काठ भिडवायचा. दोन्हींच्या कडांत समोरासमोर खाचा पाडायच्या, खाचेत लाकडाची चपटी जीभ बसवायची, आणि ती सरकू नये म्हणून आरपार खुंटी मारायची. असे सगळे बाहेरचे अंग तयार झाले की मग आत बरगड्या. सायप्रसच्या किरेनिया गावाजवळ १९६५ मध्ये एका स्थानिक पाणबुड्याला समुद्राच्या तळाशी कुंभांचा ढीग दिसला. (तिथे 'ढीग' म्हणा, तो खरोखर ढीग होता.) त्याखाली गाळात सुमारे १४ मीटर लांबीचे ग्रीक व्यापारी जहाज निघाले. कुंभ जवळजवळ ४००, बदाम हजारोंनी, आणि खलाशांचे पेले चार, चमचे चार. चौघांची चूल. त्या जहाजाच्या फळ्यांत हे खाचा-खुंट्यांचे काम आजही दिसते. जहाज उभे होते ते बरगड्यांवर नव्हे, जोडांवर. म्हणजे संघाटावर.

या जोडाला ग्रीक शब्द काय होता? 'हार्मोनिया'. होय, हार्मनी आणि हार्मोनियम ज्यातून आले तोच. 'ओडिसी'च्या पाचव्या सर्गात ओडिसियस कॅलिप्सो या अप्सरेच्या बेटावरून निघण्यासाठी झाडे तोडून तराफा बांधतो. फळ्यांना भोके पाडतो, एकमेकींना जुळवतो आणि खुंट्यांनी व 'हार्मोनियां'नी घट्ट ठोकून बसवतो. तिथे सुरांचा संबंध नाही. हार्मोनिया म्हणजे सुताराचा सांधा. पुढे त्याचा अर्थ करार झाला, मेळ झाला, मग सुरांचा मेळ झाला. आणि आपल्याकडे? 'नोकरी आणि घर यांची सांगड घालते', 'दोन विचारांची सांगड घातली'. लाकडे जोडणारा शब्द आपणही मेळ घालायला नेला. एका काठावर राम संघाट करतो, दुसऱ्या काठावर ओडिसियस हार्मोनिया करतो, आणि दोन्ही भाषा त्या तराफ्यावरून एकाच अर्थाला जाऊन पोचतात. हे पहिल्यांदा लक्षात आले त्या रात्री मला झोप आली नाही.

राहिली हाडे. सांगाडा लाकडावरून हाडांवर कसा गेला, याबद्दल माझे मत असे की तो घराच्या चौकटीवरून गेला नाही, होडीवरून गेला. हे माझे मत आहे, कोश इमारतीपाशीच थांबतात. पण विचार करा. घराच्या चौकटीत खांब सरळ, तुळया सरळ, कोपरे काटकोनी. त्यात माणसाचा किंवा गुराचा सापळा कुठे दिसतो? मी लहान असताना आमच्या गावच्या खाडीत गाळात रुतलेली एक जुनी होडी होती. फळ्या केव्हाच लोकांनी चुलीत घातल्या होत्या. ओहोटी लागली की आधी मधला लांब कणा उघडा पडे, मग त्याच्या दोन्ही अंगांनी वर वळलेली लाकडे एकेक करून पाण्यातून निघत, टोकांना शेवाळ लोंबत असे. आजोबा म्हणायचे, 'सांगाडा राहिलाय तिचा.' कणा आणि बरगड्या. ज्याने तो पाहिला, त्याला किनाऱ्यावर वाहून आलेल्या ढोराच्या हाडांना दुसरा शब्द शोधावा लागला नसेल. भाचीला सांगा, हाडांनी हा शब्द होडीकडून उसना घेतला आहे.

तर किरेनियाला सांगाडा म्हणा, तिथे जहाजाच्या लाकडी जोडकामाचा उरलेला भाग हाती लागला. काळ्या समुद्रातले सांगाडाही नाही, कारण त्याचे अंग अजून शाबूत आहे. तिथे वेगळे नामच नको, आपले क्रियापद पुरते. मी मथळा असा दिला असता : 'काळ्या समुद्राच्या तळाशी ग्रीक जहाज सापडले, डोलकाठीसकट.'