दाखल्यासाठी हेलपाटे घालावे लागतात, कायदा आहे तर मग उपयोग काय?

उपयोग आहे, पण पोचपावती हातात असेल तरच. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित, म्हणजे सरकारनं यादीत जाहीर केलेली, सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही, तर ३० दिवसांत त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे प्रथम अपील करता येतं, मग द्वितीय, शेवटी राज्याच्या सेवा हक्क आयोगाकडे तिसरं. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड.

इथं कोल्हापुरात माझ्या पुतणीच्या दाखल्याला तीन आठवडे "साहेब मीटिंगला गेल्यात" हेच ऐकलं. अर्ज तोंडी सांगून टेबलावर ठेवलेला, नोंदच नाही! मुदत मोजणार कुठनं? पुन्हा सरकारच्या 'आपले सरकार' या संकेतस्थळावरून भरला, अर्ज क्रमांक मिळाला, आठ दिवसांत काम झालं. साहेब तेच, मीटिंगाही त्याच.

शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. आता दंडाची तरतूद खुर्चीत बसणाऱ्यासाठी आहे, पण अपील करतंय कोण? बहुतेकजण एजंटाला पैसे देऊन मोकळे होतात. तुम्ही आधी पावती मागा.