विषाणूनं कॅन्सर मारायचाय? आधी पेशी जगवायला शिका

कोथरूडहून एका आईंचं पत्र आहे. मुलगी अकरावी सायन्सला. विषाणू कॅन्सरच्या पेशींना ‘आत्महत्या’ करायला लावतात असं तिनं वाचलं आणि तेव्हापासून ‘मी हेच करणार’ म्हणून हटून बसली आहे. गणित सोडायचंय. आईंचा प्रश्न: नीट की बायोटेक? आणि पुण्यात याचं शिक्षण मिळतं का?

ताई, गणित सोडू देऊ नका. का, ते पुढे येईलच.

आधी विषय समजून घेऊ. प्रत्येक पेशीत स्वतःला संपवण्याची सोय असते, तिला अ‍ॅपोप्टोसिस म्हणतात. विषाणू शिरला की निरोगी पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं बाहेर टाकून शेजारच्या पेशींना सावध करते. वेळ पडली तर पी५३ सारख्या प्रथिनांच्या इशाऱ्यावर स्वतः मरते, म्हणजे विषाणूची वाढ तिथेच थांबते. कॅन्सरच्या पेशीत वाढीच्या नादात यातलं बरंच काही बिघडलेलं असतं. म्हणून विषाणू तिथे माजतो. तो निवड वगैरे करत नाही, जिथे राखण नाही तिथे फावतं त्याचं. कोंबड्यांच्या मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा विषाणू कॅन्सरवर अभ्यासला जातो तो याचमुळे.

अ‍ॅडेनोव्हायरस हा सर्दी-खोकल्याचा विषाणू स्वतःजवळच्या एका जनुकाच्या जोरावर पी५३ला जखडतो. ते जनुक काढून टाकलं तर तो फक्त पी५३ आधीच मोडलेल्या पेशींतच वाढेल, असा हिशेब होता. अशा विषाणूला चीननं २००५ मध्ये औषध म्हणून मान्यता दिली. पुढे कळलं की पी५३ शाबूत असलेल्या काही कॅन्सरपेशींतही तो वाढतो, आणि निवडीचं कारण बरंचसं वेगळंच आहे. औषध चालतं पण कारण चुकलेलं असतं, असं या क्षेत्रात होतं. अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालेलं टी-व्हेक हे ओठावर फोड आणणाऱ्या हर्पिसच्या विषाणूपासून केलेलं. ते मेलानोमाच्या, म्हणजे एका त्वचेच्या कॅन्सरच्या गाठीत टोचतात. सगळ्या कॅन्सरवरचा इलाज नव्हे, हे मुलीला स्पष्ट सांगा.

आता रोजचं काम कसं असतं ते पाहा. प्लेटच्या एका खणात १० लाख पेशी आहेत, दर १० पेशींमागे १ विषाणू द्यायचाय, म्हणजे १ लाख विषाणू. साठ्यात १ मिलिलिटरला १० कोटी असतील तर हवा फक्त १ मायक्रोलिटर. एवढासा थेंब पिपेटनं नेमका येत नाही. म्हणून साठा आधी १०० पट पातळ करून १०० मायक्रोलिटर घालायचे. गणित हवं ते इथे. मरणाऱ्या पेशी अ‍ॅनेक्सिन नावाच्या रंगखुणेनं ओळखतात. पण प्लेटला चिकटलेल्या पेशी सोडवताना ट्रिप्सिन हे एन्झाइम जास्त वेळ राहिलं की पेशींची आवरणं दुखावतात, आणि आपल्याच हातून मेलेल्या पेशी विषाणूच्या खात्यावर जमा होतात. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची लागण साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतच नाही, आणि महिन्यांचं काम गुपचूप नासवते. शेजारच्या खणात तेवढाच विषाणू दिलेल्या निरोगी पेशी नसतील, तर ‘फक्त कॅन्सरच मेला’ असं म्हणताच येत नाही.

नीट द्यावी, पण रुग्ण तपासायची ओढ असेल तरच. संशोधनासाठी आयसर पुणे या केंद्रीय विज्ञानसंस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस उत्तम. त्याच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न, त्यातले १५ गणिताचे. ते नाही जमलं तर फर्ग्युसन किंवा गरवारेतून बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, मग एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आणि पुणे विद्यापीठाचं एमएस्सी व्हायरॉलॉजी. पुढे पीएचडीला गणेशखिंडीतलं एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र) आहेच, देशभरच्या प्रयोगशाळा पेशींचे वाण तिथून मागवतात. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. बारावीनंतर दहा-अकरा वर्षं धरूनच चाला.

बीएस्सीला कॉलेज बघायला जाल तेव्हा नुसती इमारत पाहू नका. सेल कल्चरचा, म्हणजे पेशी वाढवायचा कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर आत्ता चालू आहे का, सिलिंडर शेवटचा कधी बदलला, आणि शेवटच्या वर्षाची मुलं स्वतःच्या हातानं पेशी वाढवतात की नुसती बघतात, हे तिथल्या लॅब असिस्टंटला विचारा.