हात आधी कानामागे जाऊ दे

चिरंजीव मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री साडेदहाला तुझा फोन आला तेव्हा तुझ्या आवाजामागे लेकराचे रडणे, आजीचे पुटपुटणे आणि कढईतल्या तेलात लसूण तडतडल्याचा आवाज मला एकदमच ऐकू आला. तू विचारलेस, "बाई, आत्ताच पाठवू की सकाळपर्यंत थांबू?" मी घाईघाईत काही प्रश्न विचारले आणि सांगितले, की लेकरू चौदा महिन्यांचे आहे, ताप 101 आहे, अंगावर पिते आहे, कानामागे सूज नाही, तेव्हा पॅरासिटामॉल दे, कानात तेल घालू देऊ नकोस आणि सकाळच्या पहिल्या गाडीने त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचव. उत्तर बरोबर होते, पण ते का बरोबर होते हे सांगायचे राहून गेले. आशा सेविका म्हणून तुझे हे पहिलेच वर्ष आहे, कापसाच्या वेचणीचे दिवस सुरू झाले आहेत आणि सर्दीपाठोपाठ कानदुखीची लेकरे तुझ्याकडे आता रोजच येतील, म्हणून सविस्तर लिहिते.

लहान लेकराच्या नाकाच्या मागच्या बाजूपासून कानाच्या पडद्यामागच्या पोकळीपर्यंत एक बारीक नळी असते. मोठ्या माणसात ती लांब आणि उतरती असते, तर लेकरात आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद झाली की पडद्यामागे पाणी साठते, त्यात जंतू वाढतात, पू होतो आणि पडद्यावर दाब येतो. आडवे झाल्यावर हा दाब अधिक जाणवतो, म्हणून दिवसभर खेळलेले लेकरू रात्री किंचाळत उठते. सहा महिने ते दोन वर्षे हे वय या दुखण्याचे खास वय आहे, आणि नेमके याच वयात लेकराला "कान दुखतो" असे सांगता येत नाही. ते कान ओढते, मान इकडेतिकडे करते, दूध ओढताना मध्येच सोडून रडते. नुसते कान ओढणे मात्र दात येतानाही होते आणि झोप आली तरी होते, तेव्हा ताप नसलेले आणि हसतखेळत कान ओढणारे लेकरू पाहून घाबरून जाऊ नकोस.

कानाचा पडदा पाहण्याची दुर्बीण तुझ्याकडे नाही, माझ्याकडेही उपकेंद्रातल्या 31 वर्षांच्या नोकरीत कधी नव्हती. तेव्हा कानात नेमके काय झाले आहे हे ठरवणे आपले काम नाही. आपल्याला एवढेच ठरवायचे असते, की हे लेकरू आत्ता न्यायचे, उद्या न्यायचे, की दोन दिवस पाहून मग न्यायचे. आणि हे रडण्याच्या आवाजावरून ठरत नाही. सर्वांत मोठ्याने रडणारे लेकरू बहुधा सर्वांत सुखरूप असते, कारण रडायला अंगात बळ लागते. निपचित पडलेले लेकरू पाहून मला अधिक धास्ती वाटत असे.

घरात पाऊल टाकल्यावर आधी लेकराकडे पाहा. ते पाणी किंवा दूध घेत नसेल, घेतलेले सगळे उलटून टाकत असेल, त्याला झटका आला असेल, किंवा ते हलवूनही नीट जागे होत नसेल, तर कानाचा विचार बाजूला ठेवून 108 ला फोन लाव. मान ताठ झाली असेल, टाळू फुगली असेल, रडताना चेहरा एका बाजूला ओढला जात असेल, चालणारे लेकरू झोकांड्या खात असेल, तरीही तेच कर. यानंतर तुझा हात कानामागे जाऊ दे. कानात डोकावण्याची घाई करू नकोस.

हे मी इतके ठासून का लिहिते आहे, त्याचे कारण माझीच एक चूक आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, अशाच वेचणीच्या दिवसांत, एका बाईने तिचा अडीच वर्षांचा मुलगा संध्याकाळी उपकेंद्रात आणला. आठवडाभर कान दुखत होता, मधून ताप येत होता, आणि कानामागे थोडी लाल सूज होती. दिवसभर तो शेतात बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत होता, तेव्हा काहीतरी चावले असेल असे ती म्हणाली. मी कानाच्या छिद्रात बॅटरी मारून पाहिले, पू दिसला नाही, म्हणून चावल्याचे मलम लावून त्यांना घरी पाठवले. तिसऱ्या दिवशी त्याचा कान पुढे झुकून खाली आला होता. कानामागच्या हाडात पू गेला होता. जिल्ह्याच्या ठिकाणी त्याची शस्त्रक्रिया झाली आणि तो वाचला, पण त्या बाजूचे ऐकू येणे गेले. पुढे कित्येक वर्षे मी त्याला गावात पाहत असे. मागून कोणी हाक मारली की तो हमखास चुकीच्या बाजूला वळत असे, कारण एकाच कानाने ऐकणाऱ्याला आवाजाची दिशा कळत नाही.

म्हणून आईला लेकरू खांद्यावर घ्यायला सांग आणि तू तिच्या पाठीमागे उभी राहा. दोन्ही कान एकदम, मागून पाहा. एक कान दुसऱ्यापेक्षा पुढे आलेला दिसतो का, कानामागची घडी बुजली आहे का, ते पाहून मग बोटाने हलकेच दाब. डोक्यात खांडके किंवा उवा असल्या तर कानामागे वाटाण्याएवढ्या गाठी लागतात, पण त्या बोटाखाली सरकतात. हाडाची सूज सरकत नाही, ती गरम असते आणि दाबताच लेकरू कळवळते. फरक करता आला नाही तर न्यायचे, एवढाच नियम. त्या सुजेला सकाळपर्यंतही थांबायचे नसते.

वयाचा नियम याहूनही सोपा आहे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे काखेतले तापमान 99.5 किंवा त्याहून अधिक असेल, किंवा त्याच्या कानातून पू येत असेल, तर त्याच दिवशी, त्याच वेळी रुग्णालय. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाला 100.4 ताप आला तर तोही त्याच दिवशी डॉक्टरला दिसला पाहिजे. सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या कानाबाबत वाट पाहणे हा पर्यायच नाही. सहा महिने ते दोन वर्षे या वयातले लेकरू रात्री ठीक पीत असेल आणि वरची कोणतीही खूण नसेल, तर दुखणे कमी करून सकाळी न्यायला हरकत नाही. परवाचे लेकरू या गटातले होते. दोन्ही कान दुखत असतील, किंवा ताप 102 च्या वर गेला असेल, तर मात्र सकाळी "आता बरं दिसते" असे घरच्यांनी म्हटले तरी न्यायचेच.

दोन वर्षांवरील लेकरू, एकच कान, सौम्य दुखणे, ताप थोडा आणि खाणेपिणे चालू असेल, तर दोन दिवस पाहता येते. पुष्कळ कान या मुदतीत आपोआप उतरतात. पण पाहणे म्हणजे विसरणे नव्हे. त्या घरी तू सकाळ-संध्याकाळ गेली पाहिजेस, आणि 48 तासांत आराम पडला नाही, किंवा मध्येच काही बिघडले, तर लेकरू डॉक्टरसमोर असले पाहिजे. इथे पुस्तकात नसलेली एक गोष्ट जोडते. आपल्या भागात ही मुदत घड्याळाबरोबर रस्त्यावरही मोजावी लागते. ज्या गावाला दिवसातून एकच एसटी आहे, ज्याचा नाला पावसाळ्यात रात्रीतून वाट बंद करतो, तिथले लेकरू एक दिवस आधी नेलेले बरे. शनिवारी दुपारी "दोन दिवस पाहू" असे सांगताना सोमवार उजाडायला किती तास आहेत, हेही मोज.

आता ज्या क्षणी घरातले सगळे निर्धास्त होतात आणि आपणही फसतो, त्याविषयी लिहिते. रात्रभर रडणारे लेकरू पहाटे अचानक शांत झोपते आणि उशीवर पिवळा, कधी रक्ताचा डाग दिसतो. पडदा फुटून पू बाहेर आला, दाब गेला, म्हणून दुखणे थांबले. आजी म्हणते, "कान फुटला, सुटलं लेकरू." ठणक सुटली, हे खरे, आजार संपलेला नसतो. अशा लेकराला एक-दोन दिवसांत डॉक्टरला दाखवायचेच. बहुतेक पडदे पुढे भरून येतात, पण कान चौदा दिवसांपेक्षा अधिक वाहत राहिला तर तो जुना आजार धरतात. त्याचे उपचार वेगळे असतात, त्यात पोटातल्या औषधापेक्षा कान कोरडा ठेवणे आणि डॉक्टरने दिलेले थेंब यांचे काम मोठे असते. त्या पुवाला घाण वास येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवण्याचा आग्रह धर. वाहणाऱ्या पण न दुखणाऱ्या कानासाठी कोणी मजुरी बुडवत नाही. त्या घरी तुला चार खेपा घालाव्या लागतील, त्या घाल.

कान कोरडा करायला आईला शिकव. जुन्या मऊ सुती कापडाचे तुकडे उकळून उन्हात वाळवावेत, एका तुकड्याची वात वळून ती कानाच्या तोंडाशी ठेवावी, भिजली की काढून फेकावी, आणि वात कोरडी निघेपर्यंत नवी लावावी. हे दिवसातून निदान तीनदा करायचे. घरात कापसाचा ढीग पडलेला असतो आणि आई साहजिकच त्यातला बोळा घेते, पण वेचून आणलेल्या कापसावर नैसर्गिक मेण असते, तो पू शोषत नाही, आणि त्याचे तंतू आत अडकून बसतात. दुकानात मिळणारा औषधी कापूस त्यासाठीच धुऊन, शुभ्र करून विकतात. कापूस पिकवणाऱ्या घरात हे सांगताना मला नेहमीच हसू येई, आणि बायकाही हसत, पण ऐकत.

कढवलेले लसणाचे तेल, रुईच्या पानाचा रस, अंगावरचे दूध, गोमूत्र यांपैकी काहीही कानात जाऊ देऊ नकोस. पडदा फुटलेला आहे की नाही हे आपल्याला दिसत नाही, आणि फुटला असेल तर घातलेली वस्तू थेट आत जाते. शिवाय कढईतले तेल किती तापले आहे, याचा अंदाज रात्री अकरा वाजता कोणालाच नसतो. आजीशी वाद मात्र घालू नकोस. तिच्या हातून काहीतरी व्हायला हवे असते, म्हणून तिला कोमट कापडाने बाहेरून शेकायला सांग. त्याने अपाय होत नाही आणि थोडे बरेही वाटते. आठवडी बाजारात कान कोरून देणाऱ्यापासून आणि काडीपेटीच्या काडीपासून लेकरू दूर ठेवायचे, हे वेगळे सांगायला नको. कानात ज्वारीचा किंवा तुरीचा दाणा गेला असेल तर पाणीही घालू नये, दाणा फुगतो.

पॅरासिटामॉल वजनावर द्यायचे: दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा नाही. दहा किलोच्या लेकराला 5 मिलीत 120 मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतले 5 मिली पुरते. पण 5 मिलीत 250 मिलिग्रॅम असलेली बाटलीही तशीच दिसते, आणि तिच्यातले त्याच लेकराला निम्मे, म्हणजे अडीच मिली द्यायचे असते. लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू नकोस. अॅस्पिरिन लेकराला देत नाहीत, आणि निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यावर 2011 पासून आपल्या देशात बंदी आहे, तरी मोठ्यांसाठी आणलेली गोळी अर्धी करून देणारी घरे तुला भेटतील. अँटिबायोटिक द्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. दिले तर सांगितलेले सगळे दिवस द्यायचे. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून उरलेली बाटली धाकट्यासाठी फळीवर ठेवतात. पाणी घालून तयार केलेले ते औषध आठवड्यानंतर टाकून द्यावे.

लसींबद्दल थोडक्यात सांगते. न्यूमोकोकल लस सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वेळी द्यायची असते, आणि नवव्या महिन्याची गोवर-रुबेला लसही चुकू नये, कारण गोवरानंतर पुष्कळदा कान धरतो. बाटलीने दूध पाजत असतील तर आडवे निजवून पाजू नये. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, चुलीचा धूर हेही एक कारण आहे. चूल बदल म्हणून सांगणे आपल्याला सोपे आहे, त्यांना बदलणे अवघड, म्हणून निदान स्वयंपाकाच्या वेळी पाळणा ओसरीत बांधा, एवढेच मी सांगत असे.

कान बरा झाल्यावरही पडद्यामागचे पाणी कित्येक आठवडे राहते आणि तोवर लेकराला कमी ऐकू येते. तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांच्या तुझ्या गृहभेटी ठरलेल्याच आहेत; त्या वेळी पाठीमागून हाक मारून पाहत जा. तीन महिन्यांनीही संशय राहिला, बोलणे मागे पडले, किंवा सहा महिन्यांत तीनदा कान धरला, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येईल तेव्हा त्या लेकराचे नाव यादीत सर्वांत वर लिही. वर्गात "ढ" म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या काही मुलांचे कान वर्षानुवर्षे वाहत होते, हे मी फार उशिरा पाहिले.

परवाच्या त्या लेकराला डॉक्टरांनी औषध सुरू केले असेल तर त्याची पाचव्या दिवसाची भेट सोमवारी येते. आई वेचणीला सकाळी सातला निघते, त्याआधी जा. बाटलीत किती औषध उरले आहे ते पाहा, दोन्ही कान मागून पाहा, आणि संध्याकाळी मला कळव.

तुझी,
बाई